खोक्यातले प्रवचन

डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, ओझी फॉन्टेनो यांनी चर्चच्या स्वयंपाकघरातली भांडी वाळवायची जाळी रिकामी केली आणि तिच्यात एकेक करून ग्रामोफोनच्या बेचाळीस तबकड्या उभ्या केल्या. तबकड्या जुन्या, जाड, काळ्या, पडल्या तर बशीसारख्या फुटणाऱ्या. आणि एकीवरही नाव नव्हते.

गावामागचा बायू, म्हणजे दलदलीतला ओढा, एरवी इतका संथ, की तो कुठल्या दिशेला वाहतो यावर विलो बेंडमध्ये दोन मते होती. गेल्या आठवड्यात मात्र तो उठला, रस्ता ओलांडून थर्ड हेब्रॉन बॅप्टिस्ट चर्चमध्ये शिरला आणि तीन दिवस मुक्कामाला राहिला. उतरताना भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तपकिरी रेघ ठेवून गेला, पियानोत एक कासव ठेवून गेला, आणि गायकमंडळींच्या ओट्याखालचे लाकडी खोके चिखलाने गच्च भरून गेला.

या चर्चला थर्ड का म्हणतात, त्याचा इतिहास सोपा आहे. फर्स्ट हेब्रॉन पियानो घ्यावा की नाही यावरून फुटले. सेकंड हेब्रॉन घेतलेला पियानो डावीकडे ठेवावा की उजवीकडे यावरून फुटले. थर्ड हेब्रॉनमध्ये पियानो मधोमध आहे. त्यामुळे प्रवचन करणारा निम्म्या लोकांना दिसत नाही, पण शांतता आहे.

आणि त्या खोक्याचे म्हणाल, तर चर्चमध्ये बायबलखालोखाल मान त्याचा. चर्च स्थापन करणारे रेव्हरंड लॅझरस टॉलिव्हर यांचे प्रवचन एकदा तबकडीवर उतरवले गेले होते, ते त्यात होते. दर वर्धापनदिनाला ओझी त्या खोक्यावर इस्त्रीचा पांढरा कपडा घालत, चार डीकन ते खांद्यावरून आणत, मंडळी उठून उभी राहत. उघडत कुणीच नसे. वाजवायचे यंत्र चर्चकडे नव्हते, आणि शिवाय पवित्र वस्तूत डोकावून बघणे ओझींना प्रशस्त वाटत नसे. असे चाळीस वर्षे चालले होते.

यंदा सत्तरावा वर्धापनदिन, येत्या रविवारी. आणि रेव्हरंड टॉलिव्हरांची मुलगी मदर व्हर्नीस यांनी, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, एकच मागणे मागितले होते. "केक नको, पुष्पगुच्छ नको. बाबांचा आवाज ऐकवा. पुढच्या वर्षी मी स्वतःच त्यांच्याकडे गेलेली असेन, पण तिथं ते माझ्यासाठी एवढं ओरडून थोडेच बोलणार आहेत?"

पाणी चढत होते त्या दिवशीच त्यांनी बजावले होते, "ओझी, खोकं माळ्यावर टाक."

"मदर, चर्चमध्ये पाणी येणार नाही."

"जलप्रलयाआधी नोहाचे शेजारीही असंच म्हणत होते."

त्यामुळे ओझींच्या जिवाला घोर लागला होता. तबकड्यांच्या मधल्या कागदी चकत्या पाण्यात सुटून लगदा झाल्या होत्या. कुठली तबकडी कुठली, हे वाजवल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. पण खरा घोर वेगळाच होता. जाळीत तबकड्या बेचाळीस होत्या. खोक्यात निघाल्या होत्या त्रेचाळीस.

त्रेचाळिसावी ओझींच्या कोटाच्या आत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती.

झाले असे की सर्वात वरची तबकडी त्यांनी आधी हातात घेतली. साबणापेक्षा जालीम काहीतरी हवे म्हणून गुडघ्याला चोळायचे स्पिरिट आणले. थर्ड हेब्रॉनला दारूचा थेंब चालत नाही, प्रभुभोजनालासुद्धा द्राक्षाचा रस असतो. पण गुडघ्याचे स्पिरिट म्हणजे औषध. ओझींनी फडके भिजवून पुसले. फडके काळेकुट्ट झाले. "केवढा हा चिखल!" असे म्हणून त्यांनी आणखी स्पिरिट ओतले आणि आणखी भक्तीने घासले. पाच मिनिटांनी तबकडी स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ, की तिच्यावरच्या बारीक चरी गेल्या आणि ओझींना तिच्यात आपला चेहरा दिसू लागला. चेहरा बघण्यासारखा नव्हता. त्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे विलो बेंडमध्ये एकाच माणसाला ठाऊक होते. आणि त्या माणसाला ओझींनीच चर्चमधून काढले होते.

त्याचे नाव क्लिओफस. बारमध्ये वाजणारी गाण्यांची यंत्रे दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती, आणि गावातले एकुलते एक चालू यंत्र त्याच्याच ओसरीवर होते. एकतीस वर्षांपूर्वी शनिवारी बारमध्ये वाजवलेली गिटार तो रविवारी चर्चमध्ये घेऊन आला. ओझी तेव्हा तरुण, कडक डीकन. त्यांनी उभे राहून विचारले होते, "ही गिटार मध्ये कुठं धुतली का?" ठराव झाला. नियम असा, की काढलेल्या माणसाने मंडळीसमोर क्षमा मागावी, मग मंडळीने मत द्यावे. तोवर उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. क्लिओफस म्हणाला, "गिटारीबद्दल क्षमा? जमायचं नाही." तो विषय तिथेच संपला. संपला नव्हता, कारण क्लिओफस हा ओझींच्या बायकोचा, अर्लीनचा, सख्खा थोरला भाऊ. दर रविवारी दुपारी तो बहिणीकडे जेवायला येई आणि ओझी समोर बसून म्हणत, "अर्लीन, त्याला मिरचीचा सॉस हवा का विचार."

तर गुरुवारी सकाळी ओझी त्याच्या ओसरीवर उभे राहिले. सोबत मदर व्हर्नीस, गायकमंडळींच्या प्रमुख सिस्टर लडोनिया आणि टॉवेलात गुंडाळलेल्या बेचाळीस तबकड्या.

क्लिओफसने चष्म्यावरून बघितले. "या दाजी. अर्लीन बरीय ना?"

"काम आहे," ओझी म्हणाले.

"एकतीस वर्षांनी थेट माझ्याशी बोललात म्हणजे काम असणारच. कशानं धुतल्यात?"

"पाण्यानं," ओझी घाईघाईने म्हणाले. "गार पाण्यानं आणि साबणानं."

"शाबास. स्पिरिट लावलं असतं तर गेली असती. बसा."

ओझी बसले. कोटाच्या आत वर्तमानपत्र करकरले.

पहिली तबकडी फिरू लागली. आधी नुसती खरखर, कुणी पत्र्यावर मासा तळावा तशी. मदर व्हर्नीस यांनी डोळे मिटून हात जोडले. मग पियानो आला, आणि एक बाई अतिशय निवांत आवाजात सांगू लागली की नवरा कामावर गेलाय, मागचे दार उघडे आहे.

"हे प्रवचन नाही," ओझी म्हणाले.

"सुरुवात असेल," सिस्टर लडोनिया म्हणाल्या. "दृष्टांत असेल."

दुसऱ्या कडव्यानंतर दृष्टांत म्हणायची सोय राहिली नाही. क्लिओफसने दुसरी लावली. तिच्यात एक गृहस्थ तुरुंगातून सुटून सरळ प्रेयसीकडे निघाले होते. तिसरीत नुसता नाच. चौथीची सुई टेकते न टेकते तोच सिस्टर लडोनिया किंचाळल्या, "अगंबाई! ही माझी! दुसऱ्या बाजूला ओरखडा आहे बघ, माझी टाच अडकली होती—" आणि मग त्यांनी तोंडावर हातरुमाल धरला.

"तुमची? चर्चच्या खोक्यात?" ओझी उभेच राहिले.

उत्तर मदर व्हर्नीस यांनी दिले. डोळे अजून मिटलेलेच होते, पण पायाचा अंगठा बुटात ठेका धरत होता. "ऑगस्टच्या सभांमध्ये ज्यांचं तारण व्हायचं, ते आपल्या घरच्या पापी तबकड्या बाबांना आणून द्यायचे. जाळायला. बाबा म्हणायचे, कोरडा दिवस मिळाला की जाळू. आता आपल्याकडं कोरडा दिवस कधी असतो? मग त्या खोक्यात साठल्या. दुपारी जेवणं झाली की बाबा दार लावून त्यातली एकेक तपासायचे. पाप कितपत खोल आहे ते."

"किती वर्षं तपासत होते?"

"अकरा," मदर म्हणाल्या. "फार बारकाईनं."

ओझी मटकन खाली बसले. चाळीस वर्षांचा इस्त्रीचा पांढरा कपडा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला.

मग तर हे भजनच रंगले. सिस्टर लडोनिया दोन सुरांत गाणे ओळखू लागल्या. मदर व्हर्नीस एका सुरात ओळखत, वर गाणाऱ्याची बायको त्या साली कोण होती तेही सांगत. ओझी ताठ बसून "पुढची, पुढची" करत होते. एकोणिसाव्या तबकडीला गाणारा दम घ्यायला थांबला आणि पुढची ओळ ओझींच्याच तोंडून बाहेर पडली.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"दाजी, पाठ आहे?"

"रस्त्यानं जाता-येता कानावर पडायचं."

"चौथं कडवं? रस्त्यानं?"

"रस्ता लांब होता," ओझी म्हणाले.

बेचाळिसावी संपली. बेचाळीस तबकड्यांमध्ये तीन खून, अकरा पळून गेलेल्या बायका, एक गाढव आणि अमाप दारू निघाली. प्रवचन निघाले नाही.

मदर व्हर्नीस यांनी डोळे उघडले. "संपल्या?" त्यांनी विचारले. एवढेच. पण त्या आवाजापुढे ओझींचा टिकाव लागला नाही. ते उठले, कोटात हात घातला, वर्तमानपत्र सोडले आणि ती तबकडी मदरांच्या मांडीवर ठेवून लहान मुलासारखे रडू लागले.

"मी पुसलं मदर. स्पिरिटनं. मीच तुमच्या बाबांना पुसून टाकलं."

क्लिओफसने तबकडी उचलली, उजेडात धरली, बोटाने चाचपली. "गेली," तो म्हणाला. "एकदम सपाट. तवा झालाय." मग उलटी केली. "दाजी, ही बाजू?"

"ती बाजू धरायचा धीर झाला नाही."

"देव भित्र्यांनाही कामाला लावतो तर," क्लिओफस म्हणाला. दुसऱ्या बाजूवर चिखलाचा थर होता आणि थराखाली चरी शाबूत होत्या. "पूर्वार्ध तुम्ही खाल्लात. उत्तरार्ध वाचलाय."

"अरे, पूर्वार्ध गेला तर गेला," मदर म्हणाल्या. "पूर्वार्धात बाबा नुसतं बोलायचे."

हे मात्र अगदी खरे. ज्याने असे प्रवचन कधी ऐकले आहे त्याला सांगायला नको. पहिला अर्धा भाग शहाण्या माणसाचा असतो. मग एका वाक्याची शेपटी जराशी लांबते, दुसऱ्याची त्याहून लांबते, श्वासाला ठेका येतो, आणि बोलणे कधी गाणे झाले ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. त्यानंतर जे येते, त्यासाठी माणसे ओल्या बाकांवर तीन-तीन तास बसतात.

"लाव ना आत्ता," मदर म्हणाल्या.

"आत्ता लावली तर सुई चिखलात नांगरेल. भिजवतो, मऊ ब्रशानं चरीचरीनं धुतो, सावलीत वाळवतो. रविवारी ऐका."

"रविवारी यंत्र चर्चमध्ये आणायचं," ओझी डोळे पुसत म्हणाले. आणि डोळे पुसून होताच ते पुन्हा डीकन झाले. "यंत्र आत. तू... म्हणजे नियम आहे."

"यंत्र माझ्याशिवाय वाजत नाही, दाजी. ते हट्टी आहे. आमच्या घरातलंच ना."

"ओझी," मदर म्हणाल्या, "तबकडी उतरवली त्या दिवशी बाबांच्या मागं गिटार कोण वाजवत होतं माहितीये ना? हाच. सतरा वर्षांचा होता. मी ठरावाच्या वेळीही भर सभेत सांगितलं होतं."

"तेव्हा मी पुरावा मागितला होता मदर. पुरावा मिळाला नाही."

शेवटी तडजोड झाली. यंत्र क्लिओफसच्या ट्रकमध्ये, ट्रक पायऱ्यांपाशी. दाराखालून वायर, दोन मोठे स्पीकर आत. क्लिओफस बाहेर.

रविवारी भुरभुर पाऊस होता. बाके अजून सुकली नव्हती म्हणून मंडळी घडीच्या खुर्च्यांवर बसली होती. बायकांच्या टोप्या मात्र अशा, की पुराने त्यांना बोट लावले असते तर पुरालाच लाज वाटली असती. तरुण पाळकांनी प्रार्थना केली आणि हात वर केला. ओझी पांढरे हातमोजे घालून दाराशी उभे होते. त्यांनी दार लावून घेतले. हाही नियमच: वचन सुरू झाले की दार बंद, संपेपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. तबकडीवरचे वचन वचनच असते का, यावर शनिवारी दोन तास खल होऊन 'असते' असे ठरले होते.

बाहेर क्लिओफसने छत्री यंत्रावर धरली आणि स्वतः भिजत सुई टेकवली.

खरखर. मग एक गिटार, लांबून, पायऱ्या चढत आल्यासारखी. मंडळीतून एक उसासा उठला. ओझी समोरच्या भिंतीवरच्या तपकिरी रेघेकडे बघत राहिले. चाळीस वर्षे जो पुरावा ते खांद्यावरून मिरवत आले होते, तो वाजत होता.

आणि मग रेव्हरंड टॉलिव्हर आले. बोलत आले नाहीत, गातच आले. "पाणी चढलं, हा! गुडघ्याला लागलं, हा! कमरेला लागलं, हा! तारवाचं दार कुणी लावलं होतं?"

"देवानं!" तबकडीवरची मंडळी ओरडली, आणि त्यांच्यासोबत खुर्च्यांवरची.

मदर व्हर्नीस पुढे झुकल्या होत्या, ओठ उघडे, गालांवरून पाणी वाहत होते. "हां बाबा," त्या हळू म्हणाल्या. "सांगा."

"बाहेर कुणी ठोठावलं, हा! नोहा म्हणाला, देवा, माझा शेजारी आहे! नोहा म्हणाला, देवा, उघडा दार—"

"आमेन!"

"उघडा दार—"

"आमेन!"

"उघडा दार— उघडा दार— उघडा दार—"

पहिल्या दहा वेळा मंडळीला वाटले, रेव्हरंडांना जोर चढलाय. जोर त्यांनाही चढला. सिस्टर लडोनिया उठून टाळ्या पिटू लागल्या. पंचविसाव्या वेळेला टाळ्या विस्कळीत झाल्या. चाळिसाव्याला तरुण पाळक दाराशी येऊन ओझींच्या कानात म्हणाले, "सुई अडकलीय. त्यांना सांगा."

"दार उघडल्याशिवाय सांगणार कसं?"

"मग उघडा."

"वचन चालू आहे."

"ते संपणारच नाही ना, डीकन!"

ओझींनी याचा विचार केला. वचन संपेपर्यंत दार उघडायचे नाही, आणि दार उघडेपर्यंत वचन संपायचे नाही. सत्तर वर्षांच्या नियमावलीत याला तोड नव्हती. पाठीमागून रेव्हरंड लॅझरस टॉलिव्हर सेकंदाला एकदा, न थकता, उघडा दार, उघडा दार म्हणत होते.

मदर व्हर्नीस काठीवर उभ्या राहिल्या. "ओझी! माझे बाबा शंभरदा सांगताहेत. तू काय त्यांच्याहून मोठा लागून गेलास?"

ओझींनी दार उघडले.

पायऱ्यांवर क्लिओफस उभा होता, हॅटच्या काठावरून पाणी गळत होते. "काय झालं?" त्याने अगदी निष्पाप चेहऱ्याने विचारले. "इथं बाहेर काही ऐकू येत नाही."

"आत ये," मदर म्हणाल्या.

"मदर, क्षमा मागितल्याशिवाय ठराव—"

"क्षमा कुणी कुणाची मागायची ते आत्ताच वाजलं की. ठराव मी मांडला."

"अनुमोदन!" सिस्टर लडोनिया म्हणाल्या. आणि घडीच्या खुर्च्यांवरून शंभर हात वर गेले. शनिवारभर गावात पसरलेल्या त्या बेचाळीस गाण्यांच्या बातमीनंतर थर्ड हेब्रॉनमध्ये पहिला दगड मारायला कुणी फारसे उत्सुक नव्हते.

क्लिओफसने हॅट काढली, पाय पुसले, उंबरा ओलांडला. "पण मी आत आलो," तो म्हणाला, "तर सुई पुढं कोण सरकवणार?"

सगळ्यांनी ओझींकडे बघितले. ओझी पांढऱ्या हातमोज्यांनिशी पावसात गेले, ट्रकवर चढले आणि श्वास रोखून एका बोटाने सुईला हलकेच ढकलले. आत आवाज मोकळा झाला. ओझी घाईने वळले.

क्लिओफसने दार लावून घेतले. "वचन चालू आहे, दाजी," दाराआडून ऐकू आले.

ओझींनी ठोठावले नाही. नियम नियम असतो. सुईवर छत्री धरून ते पायऱ्यांपाशी भिजत उभे राहिले. आतून रेव्हरंडांचा शब्द कळत नव्हता, नुसता सूर येत होता, आणि त्या सुराच्या वर एक अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीचा पोरीसारखा हसण्याचा आवाज.

जेवायच्या वेळी घरी ओझी ओल्या अंगावर टेबलक्लॉथ पांघरून तबकडी उजेडात बघत होते. काय धुतली होती! चर न् चर चमकत होती. फक्त चरींच्या मधोमध, एका जागी, केसाएवढा सुक्या चिखलाचा ठिपका होता.

"एवढी घासलीस," ते म्हणाले, "आणि हा एवढा ठिपका राहिला?"

"राहिला का?" समोर क्लिओफस तळलेल्या माशातले काटे काढत होता. "डोळे गेले आता, दाजी. दिसत नाही." आणि चष्मा न लावता त्याने रेशमाच्या धाग्याएवढा एक काटा अलगद ओढून ताटाच्या कडेला ठेवला.

ओझी त्या काट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तबकडीवर नेला. आणि थांबले. त्यांच्याच अक्षरातली चर्चमधून काढलेल्यांची यादी त्यांना आठवली. एक नाव आज खोडले. खाली अजून अर्धे पान शिल्लक होते.

त्यांनी ठिपका तसाच राहू दिला आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"क्लिओफस," ते म्हणाले, "मिरचीचा सॉस हवा का?"